नव्या स्काउटमास्तरांसाठी, पुण्यातल्या तळजई टेकडीवरच्या सरावानंतर

चोवीस मुलं एका शिट्टीवर सांभाळायला गेलात तर तासाभरात घसा बसेल. 8-8 चे तीन संघ करा आणि सूचना फक्त तीन संघनायकांना द्या. बाकीच्यांना ते सांगतील. अडखळले तरी मध्ये पडायचं नाही, आणि नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं.

आज गाठी होत्या. रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची सपाट गाठ, बहुतेकांची चुकते, कारण दोन्ही वेळा उजवंच टोक वर येतं. 'उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर' हे मोठ्यानं म्हणवून घ्या. बरोबर गाठीत टोक आपल्याच दोरीला चिकटून समांतर राहतं. चुकलेलीत ते आडवं निघतं आणि ताण आला की गाठ घसरते. शिकायला सुती दोरीच घ्या, दीड-दोन मीटर. नायलॉन गुळगुळीत, मुलं उगाच हिरमुसतात. आणि या गाठीवर कुणाचंही वजन कधीच टाकू देऊ नका! ती बँडेजसाठी, गाठोड्यासाठी. माणसाला आधार द्यायचा तर बोलाइन, म्हणजे ताण आला तरी न आवळणाऱ्या फासाची गाठ.

पाणी माणशी दोन लिटर, घरूनच. चढण्याआधी आणि उतरल्यावर मोजणी, तीही संघनायकांकडून. पालकांची संमतीपत्रं आदल्या दिवशीच हातात हवीत.