पिनचा होल्डर, आट्यांचा बल्ब आणि मधला अडॅप्टर

आपल्याकडे घराघरात भिंतीवर आणि छताला जे होल्डर असतात ते जवळजवळ सगळे पिनचे, बल्ब आत दाबून जरा फिरवला की बाजूचे दोन खिळे खाचेत अडकतात. खोक्यावर बी22 लिहिलेलं असतं, 22 म्हणजे कॅपचा व्यास मिलीमीटरमध्ये. इंग्रजांच्या काळात हे आलं आणि टिकलं, 2015 पासून उजाला योजनेत जे स्वस्त एलईडी बल्ब मिळाले तेही पिनचेच. पण हल्ली ऑनलाईन घेतलेला टेबल लॅम्प किंवा काचेचं हँगिंग उघडून बघा, आत बहुतेक वेळा आट्यांचा होल्डर निघतो, ई27, आणि झुंबर किंवा छोटा वॉल लॅम्प असेल तर अजून बारीक ई14. मग घरातला बल्ब त्यात बसत नाही, आणि हौसेने आणलेला फिलामेंट दिसणारा गोल बल्ब घरातल्या होल्डरला बसत नाही, म्हणून लोक अडॅप्टर शोधतात, म्हणजे होल्डर आणि बल्बच्या मध्ये बसवायचा तुकडा. दुकानात कन्व्हर्टर म्हटलं तरी तोच देतात.

मला जुने दिवे फार आवडतात, घरात आत्याचा पितळी लॅम्प आहे, बहिणीने न्यू जर्सीहून आणलेला एक आहे, त्यामुळे या विषयावर मैत्रिणी सारखं विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी बघायचं की अडॅप्टर लागतोय का. साधे एलईडी बल्ब आणि मोबाईलवरून रंग बदलणारे स्मार्ट बल्ब सुद्धा बऱ्याच कंपन्यांचे पिनमध्येही येतात आणि थ्रेडमध्येही, फक्त काउंटरवर आधी पिनवाला पुढे करतात कारण तोच जास्त खपतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत ई27 मागा, काढून देतात. दिवा आट्यांचा असेल तर आट्यांचाच बल्ब घ्या, पिनचा बल्ब बसवायला मध्ये तुकडा घालू नका. अडॅप्टरची खरी गरज उलट बाजूला पडते, होल्डर पिनचा आणि हवा असलेला डेकोरेटिव्ह बल्ब फक्त ई27 मध्येच मिळतो तेव्हा. ई14 च्या झुंबरात ई27 चा मोठा बल्ब लावायचा अडॅप्टर पण मिळतो, पण तो मला अजिबात पटत नाही, मेणबत्तीसारख्या नाजूक दांड्यावर जाडजूड बल्ब येतो आणि झुंबराची सगळी रयाच जाते. ई14 चे एलईडी कँडल बल्ब सहज मिळतात, तेच लावा.

घ्यायचं ठरलंच तर लांबीचा विचार करा, अडॅप्टरने बल्ब दोन-तीन सेंटीमीटर पुढे येतो. ऐकायला काहीच वाटत नाही पण शेड बुटकी असेल तर बल्ब खाली डोकावतो आणि बसल्या जागी थेट डोळ्यात उजेड येतो. आकाशकंदिलात तर हे नक्की बघा, पेंडंट होल्डरला अडॅप्टर आणि मग मोठा बल्ब लटकवला की वाऱ्याने हलून तो कागदाला टेकतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, आणि ही दुकानदार सहसा सांगत नाही. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाच्या पत्तीला फेज, म्हणजे शॉक देणारी तार, आणि बाजूच्या धातूच्या आट्यांना न्यूट्रल हवा, कारण बल्ब फिरवताना बोट आट्यांनाच लागू शकतं. पिनच्या होल्डरला असं काही नसतं, दोन्ही टोकं सारखीच, बल्ब कसाही घाला. म्हणून पिनच्या होल्डरमध्ये ई27 चा अडॅप्टर घातला की तो कोणत्या बाजूने बसला त्यावर ठरतं की आट्यांना फेज आला की न्यूट्रल, अर्धा फेरा फिरवून घातला की उलटं होतं. वायरमन घरी आला असेल तर त्याला टेस्टर लावून बघायला सांगा, आट्यांवर टेस्टर पेटला तर अडॅप्टर काढून उलटा बसवायचा, दोन मिनिटांचं काम आहे. टेबल लॅम्पला दोन पिनांचा प्लग असतो, तो बोर्डात कसाही जातो, म्हणजे प्रत्येक वेळी काय येईल सांगता येत नाही, आणि उलटा गेला तर दिव्याचं बटण फक्त न्यूट्रल तोडतं, दिवा बंद दिसतो पण आत फेज असतो. त्यामुळे बल्ब बदलताना प्लगच काढा, बटणावर विसंबू नका, लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबातच नको.

गरम होण्याबद्दल लोक वॅटला घाबरतात पण 9 वॅटचा एलईडी 230 व्होल्टला जेमतेम 0.04 अँपिअर घेतो, त्याने काही वितळत नाही. वितळतं ते ढिल्या काँटॅक्टमुळे, किंवा कोणी त्यात जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब लावला म्हणून. पातळ पत्र्याच्या आट्या, न दबणारी स्प्रिंग, असा अडॅप्टर घेऊ नका, पितळेचा धातू बघा, 250 व्होल्ट छापलेलं बघा, आणि बसवल्यावर किर्र आवाज आला किंवा उजेड फडफडला तर लगेच काढून टाका. एकावर एक दोन अडॅप्टर कधीच नाही. दिव्यावर 40 वॅट मॅक्स लिहिलेलं असतं ते जुन्या बल्बच्या उष्णतेसाठी, एलईडी त्यात खुशाल चालतो, पण पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात एलईडीलाच त्रास होतो, कारण त्याची सर्किट मानेत असते आणि ती तापून लवकर जाते.

अमेरिकेतून आणलेल्या दिव्याचं वेगळं आहे. तिथला होल्डर ई26, आपला ई27 त्यात बसतो, म्हणजे बल्बचा अडॅप्टर लागतच नाही. फक्त तिकडचा 120 व्होल्टचा बल्ब काढून इथला 230 चा लावायचा. होल्डरवर बऱ्याचदा 250 व्होल्ट कोरलेलं सापडतं, ते असेल तर मी निश्चिंत असते. पण दिव्यात टच सेन्सर, डिमर किंवा युएसबी असेल तर आतलं सर्किट 120 चं असू शकतं, तो प्लग बदलून थेट लावू नका.

आणि फॉल्स सीलिंगमधले छोटे स्पॉट. दोन बारीक पिनांचा एमआर16 बहुतेक 12 व्होल्टचा असतो, वर ट्रान्सफॉर्मर असतो, तर फिरवून बसणारा जीयू10 थेट 230 वर चालतो. यांना जोडणारा अडॅप्टर ऑनलाईन दिसतो, तो फक्त पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, 12 चा बल्ब 230 वर गेला की संपला. स्पॉट बदलायचे असतील तर वायरमनकडून ट्रान्सफॉर्मर काढून जीयू10 चे होल्डरच बसवून घ्या. आत्याच्या पितळी लॅम्पला मात्र मी अडॅप्टरच लावलाय, त्याचा जुना पिनचा होल्डर अजून घट्ट आहे, तो काढायची माझी तयारी नाही.