पेढ्यांचा पुडा आणि थॅडियस स्टीव्हन्स

मंगळवारी सकाळी कोर्टात एक मॅटर जिंकलो. समोरच्या बाईंचं अपील ५३ दिवस लेट होतं, उशीर माफ करण्याचा, म्हणजे डिले कंडोनचा अर्ज होता, कारण आजारपण. मेडिकल सर्टिफिकेट मात्र १९ दिवसांचंच. उरलेले ३४ दिवस मी साहेबांपुढे बोटावर मोजून दाखवले आणि अर्ज फेटाळला गेला. बाईंचं घराबद्दलचं म्हणणं खरं की खोटं हा विषयच निघाला नाही. अशिलाने बाहेर पेढ्यांचा पुडा हातात दिला, बाई बाकावर बसून होत्या, मी दुसरीकडे बघत स्कूटरला किक मारली.

दुपारी लॉ कॉलेजला तास. मी तिथे सीएचबीवर, म्हणजे तासावारी मानधनावर, कॉन्स्टिट्यूशन शिकवतो. त्या दिवशी नेमकं कलम १४, आणि त्यातलं ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आलेलं, त्यामुळे दरवर्षीप्रमाणे थॅडियस स्टीव्हन्सची गोष्ट काढली. शब्द ओहायोच्या बिंगहॅमचे, तोही वकीलच, पण १८६६ मध्ये ती दुरुस्ती प्रतिनिधीगृहात पुढे रेटली ती पेनसिल्व्हेनियाच्या या लंगड्या, तिखट जिभेच्या म्हाताऱ्याने. पोरांना असला माणूस आवडतो. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालवायला तो १८६८ मध्ये खुर्चीत बसून, माणसांनी उचलून नेलेला, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मोबाईल खाली ठेवतात.

मग मी नेहमीप्रमाणे त्याची जुनी केस सांगायला घेतली आणि तिथेच अडकलो.

स्टीव्हन्स १८१६ पासून गेटिसबर्गला वकिली करायचा. पेनसिल्व्हेनियात १७८० चा कायदा होता, बाहेरच्या मालकाने गुलामाला राज्यात सहा महिन्यांवर ठेवलं तर तो मोकळा. मेरीलँडची चॅरिटी बटलर मालकिणीबरोबर अधूनमधून पेनसिल्व्हेनियात यायची, सगळे दिवस मिळून सहा महिने होतात म्हणून तिच्या नवऱ्याने, हेन्रीने, तिच्या आणि दोन मुलींच्या सुटकेसाठी दावा लावला. मालक डेलाप्लेनचा वकील स्टीव्हन्स. त्याचा मुद्दा एवढाच, की सहा महिने सलग पाहिजेत, तुकड्यांची बेरीज चालणार नाही. १८२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते मानलं आणि मायलेकी गुलामच राहिल्या.

हे मी दहा वेळा तरी शिकवलं असेल, इंटरप्रिटेशनचं छान उदाहरण म्हणून. त्या दिवशी ‘दिवसांची बेरीज’ म्हणताना हात तसाच बोटं मोजत वर गेला, सकाळसारखा, आणि पुढचं वाक्यच सुचेना. पाणी प्यायलो.

मग घाईघाईने पुढचं सांगितलं. त्यानंतर तो पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभा राहायला लागला, १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेत मत फक्त गोऱ्यांना ठेवलं म्हणून त्याने सही केली नाही, १८५१ मध्ये क्रिस्तियाना प्रकरणात, म्हणजे पळून आलेल्या गुलामांना पकडायला आलेल्यांना विरोध झाला त्या खटल्यात, देशद्रोहाच्या आरोपींच्या बचावातही तो होता, तेव्हा तर तो काँग्रेसमध्ये होता. लँकेस्टरला पुरायलासुद्धा त्याने मुद्दाम अशी दफनभूमी निवडली जिथे काळ्यांना मनाई नव्हती, आणि थडग्यावर तसं कोरून घेतलं. सांगताना मलाच कळत होतं की मी त्याची बाजू जरा जास्तच लढवतोय.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, “सर, पण त्याने ती केस घेतलीच का? नाही म्हणता आलं नसतं का?”

बार काउन्सिलचे नियम आहेत, प्रत्येकाला वकील मिळायला पाहिजे वगैरे, तोंडपाठ आहे मला सगळं, सांगितलंही. तिने मान डोलावली पण वहीत काही लिहिलं नाही.

रात्री बायकोला बॅगेत पुडा सापडला, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

“कसले पेढे?”

“जिंकलो एक.”

“कोणती?”

“दिवस मोजायची,” म्हटलं, आणि टीव्ही लावला.