आमची वाटचाल: वेळासचा फोटो आणि परदेशातली नोटीस

चिपळूणमधून आम्ही दोघा भावांनी सहलींचा धंदा सुरू केला तेव्हा भाड्याची एक ट्रॅक्स आणि ओळखीपाळखीची गिऱ्हाइकं एवढंच भांडवल होतं. गुहागर, दापोली, हर्णै असं करत पसारा वाढला. वेबसाइट झाली, पुण्या-मुंबईची मंडळी ती बघूनच फोन करू लागली.

साइटवर सगळ्यात जास्त बघितलं जातं ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाचं पान. तिथं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या पिल्लाचा एक फोटो दिसायचा. फाइल आमच्या सर्व्हरवर नव्हती. एका परदेशी साइटनं शेअर करायला दिलेला एम्बेड कोड आमच्या पानात होता आणि चित्र तिकडूनच यायचं.

तुम्ही हा फोटो परवानगीशिवाय वापरलात, पैसे भरा, अशी एका परदेशी वसुली एजन्सीची मेल आली. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे आमच्या पानाचा स्क्रीनशॉट, खाली केस नंबर, युरोतली रक्कम, शेवटची तारीख आणि पैसे भरायची लिंक. बसभर माणसांच्या सहलीत आम्हाला सुटतात त्याहून तो आकडा मोठा होता. भाऊ म्हणाला, "भरून टाकू, कटकट नको." धंद्यातले काही जण म्हणाले, उत्तरच देऊ नका. मला दोन्ही पटेना. पहाटे वाळूत पालथं पडून कुणीतरी तो फोटो काढलाय, त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. पण मागणारा खरोखर त्याच्या वतीनं मागतोय का, हे विचारायचा हक्क आम्हालाही आहे.

रत्नागिरीच्या आमच्या वकील मॅडमनी पहिल्यांदा पान जसंच्या तसं जपून ठेवायला सांगितलं: सोर्स कोड, फोटो कुठल्या सर्व्हरवरून येतो तो पत्ता, तारखेसह स्क्रीनशॉट. मग फोटो पानावरून हटवायचा, आणि हटवला म्हणजे कबुली दिली असं नाही हे उत्तरात स्पष्ट लिहायचं. फोनवर काहीही बोलायचं नाही, जे काय ते लेखी.

लिंकनं दाखवलेल्या चित्राबद्दल जगभर एकमत नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २००७ मध्ये 'परफेक्ट १० विरुद्ध ॲमेझॉन' खटल्यात फाइल कुणाच्या सर्व्हरवर आहे ते महत्त्वाचं मानलं, म्हणजे ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर नुसती लिंक देणाऱ्यानं ती दाखवली असं धरलं नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं २०१८ मध्ये तो निकष नाकारला. युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, की हक्कधारकानं एम्बेडिंग रोखायची तांत्रिक सोय केली असेल तर त्याची परवानगी हवी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, लिंक देण्यासाठी होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीला कलम ५२ मध्ये काही अटींवर सूट आहे. आणि कलम ६० नुसार, बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध आपणही कोर्टात जाऊ शकतो.

आम्ही चारच गोष्टी मागितल्या. फोटोग्राफरचं नाव आणि त्यानं एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र, फोटो पहिल्यांदा कधी आणि कुठे प्रसिद्ध झाला, या वापराचा नेहमीचा लायसन्स दर काय, आणि मागितलेली रक्कम कशी काढली. फोटोग्राफरनं स्वतः कळवलं तर नेहमीची फी थेट त्याला देऊ, असंही लिहिलं आणि ते मनापासून लिहिलं. उत्तरात रक्कम निम्म्यावर आली, अधिकारपत्र काही आलं नाही. आम्ही तेच प्रश्न पुन्हा पाठवले. त्यानंतर तिकडून पत्र नाही. फाइल मात्र जपून ठेवली आहे, कारण आपल्याकडे अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

आता साइटवरचा प्रत्येक फोटो नोंदवहीत आहे: कुणी काढला, किती पैसे दिले, किती काळासाठी. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून फुकट वापरता येणारा असेल, तर लायसन्सची आवृत्तीही लिहितो. ४.० मध्ये अट मोडल्यामुळे गेलेली परवानगी, चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर, पुन्हा लागू होते, २.० मध्ये ती सवलत नाही. आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे आपणच असतो. आम्ही मुद्दाम वेगळा करार करतो: हक्क फोटोग्राफरचा, आम्हाला फक्त वापराची परवानगी.

वेळासच्या पानावर आता गावातल्याच एका तरुणानं काढलेला फोटो आहे. हॅचरीतली, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणातली टोपली नुकतीच उचललीय आणि वाळूतून पिल्लाचं डोकं वर आलंय. आंजर्ल्याचं पान अजून बाकी आहे. तिकडे कुणी फोटो काढत असेल तर आपला दर सांगून आमच्याशी थेट बोलावं.