सूचक, अनुमोदक आणि उपस्थित

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका महाविद्यालयाचे जेंडर ऑडिट, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेची तपासणी, करून मला आता बरेच दिवस झाले. अहवाल स्वीकारला गेला, आभाराचे पत्रही आले. पण त्यातील एका तक्त्याची एक ओळ मी योग्य लिहिली की नाही, हे माझ्या मनाशी अजून ठरलेले नाही.

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते आणि आसपासच्या महाविद्यालयांत बाह्य सदस्य म्हणून अशा तपासणीला जाते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात लिंगसमभावाचे पुरावे जोडावे लागतात, म्हणून ही ऑडिटे होतात. बहुतेक ठिकाणी समोर येणारी फाईल ८ मार्चच्या कार्यक्रमाची छायाचित्रे, विद्यार्थिनी कक्षाचे फोटो आणि व्याख्यानांची पत्रके यांनी भरलेली असते. त्यात खोटे काही नसते, परंतु निर्णय कोण घेते, या प्रश्नाचे उत्तरही नसते. डोकी मोजण्यानेही ते मिळत नाही. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात दर १०० पुरुष शिक्षकांमागे ७५ महिला शिक्षक होत्या. पण त्यातल्या किती जणी कायम, किती तासिका तत्त्वावर आणि किती जणींचे म्हणणे बैठकीत नोंदले जाते, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

म्हणून मी आधी इतिवृत्ताची वही मागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सोयीसुविधा हे सारे तिच्यासमोर येते. पूर्णवेळ शिक्षकांनी निवडून दिलेल्या तीन सदस्यांपैकी किमान एक महिला असलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. येथे तशी एक होती. माझे सहकारी, अनुभवी आणि सज्जन गृहस्थ, यादीवर बोट ठेवून म्हणाले, "नियमात बसतंय की मॅडम, पुढं चला." आमच्या ऑडिटांचे सर्वांत मोठे नुकसान या 'पुढं चला'ने केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठराव नुसता वाचायचा नसतो, त्याच्या खालच्या दोन ओळी वाचायच्या असतात: ठराव मांडणारा सूचक कोण आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक कोण. मी पाच वर्षांची वही पानोपान पाहिली. समितीतल्या त्या मॅडमचे नाव एकदाही सूचक म्हणून नव्हते, अनुमोदक म्हणूनही नव्हते. ते फक्त उपस्थितांच्या यादीत होते. मग मी सह्यांकडे पाहिले. बैठकीत वही हातोहात फिरते आणि बहुधा एकच पेन तिच्याबरोबर फिरते, त्यामुळे एका पानावरच्या सह्या एका शाईच्या असतात. येथेही तशाच होत्या, फक्त मॅडमची सही जवळजवळ प्रत्येक पानावर वेगळ्या शाईची होती. बैठकीच्या सूचनापत्रांवर वेळ होती सायंकाळी ५.३०.

दुपारी त्या मला प्रयोगशाळेत भेटल्या. साताऱ्याहून रोज ये-जा करतात. सांजेची गाडी चुकली की घरी पोहोचायला रात्र होते, म्हणून सुरुवातीचा विषय होताच त्यांना उठावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई वही घेऊन सहीला येतो. एकदा त्या मुद्दाम थांबल्या होत्या. प्रयोगशाळेच्या मजल्यावर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, प्रात्यक्षिक अर्धवट सोडून मुलींना दोन जिने उतरावे लागतात, हे त्यांनी मांडले. स्वच्छतागृह मंजूर झाले, बांधलेही गेले. मी ते पान पुन्हा उघडले, तेव्हा सूचक म्हणून दुसऱ्याच सदस्यांचे नाव होते.

मी लिहून घेत होते. त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला. "हे लिहू नका, मॅडम. समितीत बाई मी एकटीच आहे. तुम्ही 'एका महिला सदस्याने सांगितले' असं लिहिलंत, तरी ते माझंच नाव झालं."

मी वर्गात दरवर्षी शिकवते की तक्त्याच्या ज्या रकान्यात एकच व्यक्ती असते तो रकाना म्हणजे त्या व्यक्तीचे नाव असते, म्हणून तो उघड करायचा नाही. जनगणनेची कागदपत्रे कोणाला पाहू न देण्याचे बंधन १९४८ च्या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. लैंगिक छळाच्या तक्रारदार महिलेची ओळख उघड करण्यास २०१३ च्या कायद्याचे कलम १६ मनाई करते. मात्र आपल्याच समितीबद्दल खरे बोलणाऱ्या महिला सदस्याला आडोसा देणारे असे काही मला ठाऊक नाही. बाई एकच असेल तर तिच्या स्थितीचे मूल्यमापन तिला उघडे पाडल्याशिवाय करता येत नाही, आणि मूल्यमापन झाले नाही तर ती एकच राहते. हा पेच त्या दुपारपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता, याची मला खंत वाटते.

महिला सदस्याचे नाव सूचक वा अनुमोदक म्हणून एकदाही नाही, ही तक्त्यातली ओळ मी काढली. पाचही वर्षांच्या सगळ्या समित्या एकत्र करून 'महिला सदस्यांच्या सहभागास वाव आहे' असे लिहिले, आणि बैठका कामकाजाच्या वेळेत घ्याव्यात व सह्या बैठकीतच व्हाव्यात, अशी शिफारस जोडली. प्राचार्यांनी ती शांतपणे वाचली. ते वाईट गृहस्थ नाहीत; पण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दिवसा सवड नसते, एवढेच ते म्हणाले. या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही मोडले, हे प्रत्येक समारंभात सांगितले जाते. बाईने काय दिले हे आपण आदराने लक्षात ठेवतो. तिने काय सुचवले हे वहीत लिहायला मात्र आपल्याला जड जाते.

अहवालानंतर मी प्राचार्यांना स्वतंत्र पत्र पाठवले. कायद्यात 'किमान एक' आहे, 'एकच' नाही. निवडणूक शिक्षकांच्या हाती असली तरी समितीवरील एक विभागप्रमुख प्राचार्य नियुक्त करतात आणि चार स्थानिक सदस्य संस्था त्यांच्या सल्ल्याने नेमते. या पाच जागांपैकी एखादीवर पुढच्या वेळी महिला नेमता येईल का, असे त्यात विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. ती मूळ ओळ माझ्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली आहे, आणि मी ती खोडलेली नाही.