तुम्ही विचारलंत म्हणून: तबकडी कुणाची?

"बाई, अमेरिकेकडं परग्रहावरून येऊन पडलेल्या उडत्या तबकड्या आहेत म्हणतात. अन् इराकवरचा हल्लाबी तसल्याच कुठल्या यंत्रासाठी झाला म्हणं. खरंय का ओ?"

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, रेशनच्या रांगेत येतो. मध्यंतरी दाताच्या डॉक्टरांनीही विचारला, माझं तोंड उघडं असताना. त्या दिवशी राहिलेलं उत्तर आज लिहून टाकते.

२०२५ च्या जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्यानं मंगळवेढ्याजवळच्या शेतावर हुरड्याला बोलावलं होतं. कणसं चोळून हात काळे झालेले, शेंगांच्या चटणीनं नाक वाहतंय, आणि अंधार पडल्यावर हा पश्चिमेकडं बोट करून म्हणतो, "बाई, ड्रोन. कवाचा एकाच जागी उभाय." म्हटलं, इथंच उभा राहा, तो दिवा त्या बाभळीच्या फांदीच्या टोकाशी जुळव आणि जागा सोडू नकोस. अर्ध्या तासात दिवा फांदीच्या पार खाली उतरला. शुक्र होता.

हसू नका त्याला. आपल्या जवानांचंही असं झालंय. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर रात्री चमकणाऱ्या वस्तू दिसायच्या आणि संशय चिनी ड्रोनचा. सहा-सात महिन्यांत ३२९ नोंदी झाल्या. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं, तर निघाले गुरू आणि शुक्र. त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये लडाखमधल्याच देपसांगला चिनी तंबू पडले आणि तीन आठवडे दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. अशा वेळी आकाशातला एक ग्रह शत्रूचा ठरला असता तर काय, हे मनात आलं की मला परग्रहवाल्यांपेक्षा त्याचीच धास्ती वाटते.

आता पडलेली तबकडी. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या हवाई तळानंच 'उडती तबकडी मिळाली' असं पत्रक काढलं, आणि लगेच शब्द फिरवून 'हवामानाचा फुगा' म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, खोटं बोलताहेत. बोलतच होते! १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलानं जे सांगितलं ते असं: तो मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पाचा फुगा असावा. रशियानं अणुस्फोट केला तर त्याचा आवाज वरच्या हवेत टिपायचा, म्हणून फुग्यांच्या लांबलचक माळेला ध्वनिग्राहक टांगून सोडत.

सोलापूरकरांना फुग्याचं नवल नसावं. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून प्लॅस्टिकचे अवाढव्य फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच सोडते, तेव्हा उपकरणं कुठं उतरू शकतील त्या जिल्ह्यांच्या यादीत आपलंही नाव असतं. रंगीत छत्रीला लटकलेला खोका दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं पेपरात छापून येतं. छापून आलं की गूढ संपलं. मोगलचं मात्र छापता येत नव्हतं, कारण तो पेपर मॉस्कोतही वाचला असता.

पुढं अमेरिकेच्या यू-२ या हेरविमानाची तीच गत. प्रवासी विमानं दहा-वीस हजार फुटांवर, आणि हे साठ हजारांच्या वर. खाली सांज झालेली असताना याच्या पंखांवर ऊन चमकायचं. पन्नाशीच्या दशकाअखेरच्या आणि साठीच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक तबकड्या म्हणजे आमची हेरविमानंच, असं सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या इतिहासकारानं १९९७ मध्ये लिहिलं. तोवर तक्रार करणाऱ्या वैमानिकांना 'हवेच्या तापमानाचा खेळ असेल, बर्फाचे कण असतील' अशी उत्तरं मिळत होती. तेव्हा 'काहीतरी लपवताहेत' ही शंका चूक नव्हती. काय लपवताहेत, तिथं गाडी रुळावरून घसरली.

पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, एका कार्यालयानं मार्च २०२४ मध्ये अहवाल काढला, की परग्रहावरच्या यंत्राचा पुरावा नाही. माझा पुतण्या म्हणतो, चोरालाच विचारलं तर तो काय सांगणार? त्याचं अगदीच चुकतंय असं नाही.

पण इराकपाशी मात्र माझं डोकं फिरतं. म्हणे इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या ढिगाऱ्याखाली तिथल्या जुन्या सुमेरियन लोकांचं दुसऱ्या जगात जायचं दार पुरलंय, त्यासाठी युद्ध! अहो, ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जगाच्या कॅमेऱ्यांसमोर इराककडच्या महासंहारक शस्त्रांचे 'पुरावे' मांडले. पुढच्या महिन्यात हल्ला झाला, आणि सांगितलेला तो शस्त्रसाठा काही सापडला नाही. एवढं उघड्यावर पडलेलं असताना ढिगारे कशाला उकरायचे? दाराची गोष्ट सांगितली की ज्यांनी सह्या केल्या त्यांना कुणी काही विचारत नाही.

त्या रात्री शुक्र मावळायच्या बेताला आला तरी पोरगा तिकडंच बघत होता.

"पण बाई, ड्रोनच असता तर?"

"तर आपला की त्यांचा, हे तुला-मला कुणी सांगितलं नसतं."

त्यानं आगटीत आणखी दोन कणसं खुपसली.