सभा झाली, पण जेवायला कोण आलं?

दिवाळीत घरी आले की पहिले दोन दिवस मला घरात बोलताच येत नाही. झ्युरिकमध्ये सहा वर्षं काढून मी समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला शिकले आहे, आणि कोल्हापुरात वाक्य पूर्ण होईपर्यंत जो थांबला तो संपला. तिसऱ्या दिवशी गळा मोकळा होतो आणि आई म्हणते, "आली बघ ताळ्यावर." आम्हा कोल्हापुरी पोरींचं 'मी जातो, मी येतो' पण तेव्हाच परत येतं. लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंच्या धाकानं 'गेले, आले'च उमटतं, त्याला इलाज नाही.

गेल्या दिवाळीत चौथ्या दिवशी मामाकडे गेले. मामाचं गाव शहराला चिकटून आहे. नाव लिहीत नाही, मामा रागावेल. इतकं चिकटून, की रस्त्याची डावी बाजू महापालिकेची आणि उजवी ग्रामपंचायतीची, आणि कुठली कुणाची हे खड्ड्यांवरून ओळखता येत नाही. मामा एसटीत कंडक्टर होता. आयुष्यभर माणसांवर ओरडूनही कुणाशी वैर न घेतलेला माणूस. तोच मामा सोप्यात गप्प बसून होता.

मामी म्हणाली, "यात्रेपासनं असंच हाय."

मामाची गोष्ट सांगण्याआधी हद्दवाढीबद्दल, म्हणजे आसपासची गावं शहराच्या हद्दीत घेण्याबद्दल, दोन शब्द, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना याचा पत्ता नसतो. कोल्हापूरची महापालिका 1972 साली झाली आणि पुढची पन्नास वर्षं शहराची हद्द एक इंचही हलली नाही. शहर फुगत गेलं, हद्द तिथंच. शहरवाले म्हणतात, आमचं पाणी, आमची केएमटीची बस वापरता, मग आत या. गावं म्हणतात, तुमचीच गटारं तुंबलेली, आम्हाला कुठं बुडवता; घरफाळा वाढणार, शेतीवर आरक्षणं पडणार, सरपंच जाणार आणि नगरसेवक दारात उभं करणार नाही. दोन्हीकडे तथ्य आहे. मधला तोडगा म्हणून 2017 मध्ये 42 गावांचं क्षेत्र विकास प्राधिकरण आलं, पण त्यानं भांडण मिटलं नाही. मी शाळेत होते तेव्हाही वर्षातून एकदा गावं बंद असायची आणि एकदा शहर.

तर, मामाच्या गावात 2 ऑक्टोबरची ग्रामसभा होती. हद्दवाढीला विरोधाचा ठराव, दरवर्षीचाच. वाचून झाला, "मंजूर, मंजूर" झालं, आणि मामा उठला. म्हणाला, माझं मत वेगळं आहे, लिहून घ्या. आपण शहरात जावं. गावात आता शेती किती जणांची राहिली? प्लॉट पडलेत, ड्रेनेज नाही, पोरं सगळी शहरात कामाला. विरोध करायचा तर करा, पण एकमतानं झाला असं लिहू नका.

एवढंच बोलला. ग्रामसेवकानं पेन उचललं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "किती मिळालं?" मग कालवा. मामा खाली बसला.

आणि चैत्रात यात्रा आली.

आमच्याकडं यात्रेचं जेवण ही काय गोष्ट आहे हे परदेशात कुणाला समजावून सांगता येत नाही, मी प्रयत्न सोडून दिला आहे. बोकड, तांबडा, पांढरा, सुक्कं, आणि दारात कोण येतंय ते न बघता पान वाढायचं. मामाकडे दरवर्षी दीडशे पान उठायचं. गेल्या यात्रेला अकरा माणसं जेवली. त्यातली सात आमच्याच घरची, शहरातून गेलेली. कुणी भांडलं नाही, कुणी बहिष्कार म्हणाला नाही. भावकीतल्या प्रत्येकाला त्याच दिवशी दुसरीकडं आमंत्रण होतं. मामी रात्री दहा वाजता पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेऊन परसात उभी होती आणि ओतायला तिचा हात होत नव्हता.

मला हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीत कळलं. आणि गंमत बघा, यात्रा झाल्यावर थोड्याच दिवसांनी, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मी स्वित्झर्लंडमध्ये ग्लारूसला एक सभा बघायला गेले होते, आणि ती सभा मुळात हद्दवाढीसारख्याच विषयामुळे मला माहीत झाली होती. मामाला म्हटलं, थांब, तुला दाखवते. मोबाईल काढला.

ग्लारूस म्हणजे डोंगरांच्या बेचक्यातला छोटा कॅन्टन, आपल्या भाषेत राज्य, झ्युरिकहून आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. आपल्या इचलकरंजीच्या एका कोपऱ्यात मावेल. तिथं आजही वर्षातून एकदा सगळे मतदार गावाच्या मैदानात गोल जमतात आणि कायदे, कर, खर्च यांवर हात वर करून निर्णय घेतात. विषयांची छापील पुस्तिका आधीच घरोघर येते. मधोमध लाकडी व्यासपीठ, आणि अध्यक्ष तिथं तलवार टेकवून उभा राहतो.

"तलवार?" मामा पहिल्यांदा सरसावून बसला.

खरीखुरी. आणि कुणाही मतदाराला व्यासपीठावर जाऊन बोलता येतं, नुसतं हो किंवा नको एवढंच नव्हे, तर दुरुस्तीही सुचवता येते. हात मोजत नाहीत. अध्यक्ष नुसत्या नजरेनं अंदाज घेतो की बहुमत कुठं आहे. अगदीच अटीतटीचं असेल तर सरकारातल्या सहकाऱ्यांना विचारतो. पण एकदा सांगितलं की सांगितलं.

"आमच्यात नजरेनं मोजलं असतं तर डोकी फुटली असती," मामी म्हणाली. खोटं नाही. मलाही तिथं उभं राहून तेच वाटलं होतं.

परदेशी असल्यामुळे मला आत प्रवेश नव्हता. प्रेक्षकांच्या जागेत उभी होते. शाळेची पोरं मात्र पार व्यासपीठाजवळ बसलेली. एक म्हातारा काठी टेकत वर गेला, खिशातून घडी घातलेला कागद काढला, सरकारच्या प्रस्तावाविरुद्ध तीन-चार मिनिटं बोलला. बोली अशी की माझ्या जर्मनला निम्मंही कळलं नाही. हात वर झाले तेव्हा त्याच्या बाजूनं किती? मला तरी शंभर दिसले नाहीत. तो आपल्या जागी परत गेला, शेजारच्यानं सरकून जागा दिली, आणि पुढचा विषय सुरू झाला. त्या सरकून जागा देण्याचा व्हिडिओ माझ्याकडे नाही. व्यासपीठाचा आहे, तलवारीचा आहे, तो नाही. दुपारी त्याच मैदानाजवळ लोक जेवत होते. त्या दिवसाचं तिथलं ठरलेलं जेवण म्हणजे पांढरट सॉसेज, कुस्करलेला बटाटा, सुक्या आलुबुखारांची गोड भाजी आणि वर पांढरी ग्रेव्ही.

"पांढरा रस्सा!" मामी.

सॉसेज कशाचं असतं ते मी तिला सांगितलं नाही.

आता मामासाठी राखून ठेवलेला भाग. या ग्लारूसमध्ये 25 ग्रामपंचायती होत्या, म्हणजे आपल्या भाषेत. काही इतक्या लहान की पदांवर बसायला माणसं मिळेनात. 2006 च्या सभेत सरकारनं प्रस्ताव आणला की 25 च्या 10 करू. तेवढ्यात एक साधा नागरिक वर गेला आणि म्हणाला, दहा कशाला, तीनच करा. सरकारला नको होतं. सभेनं हात वर केले आणि तीन मंजूर!

मामा हसायला लागला. "म्हणजे बावीस सरपंच एका दिवसात घरी?"

एका दिवसात नाही. विरोधकांनी पुरेशा सह्या गोळा करून पुन्हा खास सभा बोलवायला लावली. 2007 च्या नोव्हेंबरात, थंडीत, लोक परत जमले, परत वाद घातला आणि परत तीनच म्हणाले, या वेळी मोठ्या बहुमतानं. 1 जानेवारी 2011 पासून तीनच आहेत. हरलेल्यांना परत बोलायची संधी मिळाली. ती आधी मिळाली असती तर वेगळं झालं असतं का, कोण जाणे.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यो तीन म्हणणारा. त्येच्या घरी पुढच्या वर्षी जेवायला कोण गेलं का?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. पण माझी ग्लारूसची सहकारीण मला त्या दिवशी तिकडं घेऊन गेली होती, तिनं परतीच्या गाडीत एक गोष्ट सांगितली होती, ती मामाला सांगितली. एका विषयावर तिनं हातच वर केला नाही. का, तर तिच्या शेजारी तिच्या नवऱ्याचा मालक उभा होता. "सगळ्यांना सगळे दिसतात," ती म्हणाली, "आमची सभा पोस्टकार्डावर सुंदर दिसते." स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक कॅन्टननी ही पद्धत कधीच बंद केली, आणि गुप्त मतदान नसणं हा त्यातला मोठा आक्षेप होता. आता फक्त दोनच उरल्यात, ग्लारूस आणि आपेनझेल इनररोडन.

"आणि बायका?" मामीनं विचारलं. भांडी घासता घासता तिनं सगळं ऐकलं होतं.

ग्लारूसमध्ये बायकांना मत मिळालं 1971 साली. आणि त्या आपेनझेलमध्ये पुरुष मैदानात जमून वर्षानुवर्षं हात वर करून 'बायकांना मत नको' म्हणत राहिले, अगदी 1990 पर्यंत. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बास. म्हणजे उघड चर्चा, खुलं मैदान, सगळं होतं. फक्त जिच्याबद्दल चर्चा ती मैदानाबाहेर.

मामीनं हात पुसले. "आमच्यात मत पहिल्यापासनं हाय. बोलायचं कुठं हाय? महिला सभेचं रजिस्टर घरी येतंय सहीला."

हे मला ठाऊक नव्हतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असा नियम आहे. मामीच्या गावात ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून दारोदार फिरते, पेन बांधलेलं असतं. मामी म्हणाली, "हेरवाडला बघ की." शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला होता. म्हणजे ग्रामसभेला जमत नाही असं नाही.

इथं मला आपल्या शहराबद्दल एक वाकडं बोलायचं आहे, आणि बाहेर राहणाऱ्यानं बोलू नये असं वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. आम्ही कोल्हापूरकर भांडायला घाबरत नाही, हे जगाला माहीत आहे. टोलविरुद्ध सगळं शहर रस्त्यावर आलं, शेकापचे जुने नेते एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं उभे राहिले, आणि 2015 च्या अखेरीस टोल गेला. पण आमची सगळी मर्दुमकी बाहेरच्याविरुद्ध असते. कुठलाही प्रश्न आला की दोन दिवसांत सर्वपक्षीय कृती समिती. नाव किती छान! आणि एकदा समिती सर्वपक्षीय झाली की विरोध करायला पक्षच उरत नाही. उरतो तो फितूर. "किती मिळालं?" हा प्रश्न तिथूनच येतो.

त्याच 2015 च्या फेब्रुवारीत, 16 तारखेला सकाळी, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे फिरून परत येत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि 20 तारखेला ते गेले. टोलच्या लढ्यातही ते होते. बिंदू चौकात ज्या माणसाची सभा आम्ही ऐकायचो, पटली तर टाळ्या नाही पटली तर चहा, तो माणूस सकाळी फिरायला गेला तर मारला जातो, हे तेव्हा डोक्यात शिरत नव्हतं. मामाच्या अकरा पानांची आणि त्या गोळ्यांची तुलना होत नाही, मी करतही नाही. पण मामीनं त्या रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं की ग्रामसभेनंतर महिनाभर तिनं मामाला सकाळी एकट्याला फिरायला जाऊ दिलं नव्हतं. "कोण काय करणार न्हाई, म्हाईत हाय. तरी."

निघताना मामा म्हणाला, "तलवारीचा व्हिडिओ पाठव." पाठवला. त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. चौदा जणांनी अंगठा दाखवला. आता त्यातले किती तलवारीसाठी आणि किती बाकीच्यासाठी, मामाला विचारलं तर म्हणतो, नजरेनं मोज.

यंदाच्या यात्रेला मला रजा नव्हती. रात्री साडेअकराला, म्हणजे माझ्याकडे आठ वाजता, मामीचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज. मी लगेच विचारलं, किती?

"चाळीस झाली असतील. मोजली न्हाईत."

कोण कोण, विचारलं तर पहिलंच नाव निघालं ते "किती मिळालं?" ओरडणाऱ्याचं. आला, तांबडा तीन वाट्या प्याला, आणि जेवताना तासभर मामाला सांगत बसला की शहरात गेलो तर गाव कसं मरेल. मामानं ऐकून घेतलं का, मी विचारलं.

"कुठलं! मधीच बोलत हुता. दोघंबी एकदमच बोलत हुती," मामी म्हणाली, "अजून बसल्यात. ठेवतो आता, पान सुपारी द्यायची हाय."