स्टोकरचा दुसरा हिवाळा: राखेची पट्टी जमली

आज तेविसावा दिवस. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या तळघरातल्या स्टोकरचा, म्हणजे घर तापवणाऱ्या आणि कोळसा आपोआप घेणाऱ्या शेगडीचा, विस्तव एकदाही विझलेला नाही. गेल्या वर्षी सलग आठवडा निघाला तरी खूप वाटायचं.

मी ‘राईस’ वापरते, म्हणजे अँथ्रासाइट या कठीण दगडी कोळशाचे पाव इंचाच्या आसपासचे दाणे. हॉपरमधून, म्हणजे कोळसा भरायच्या पेटीतून, ते आपोआप जाळीवर सरकतात, खालून पंखा हवा देतो, पुढच्या टोकाला राख डब्यात पडते. गेल्या हिवाळ्यात थंडी वाढली की मी कोळसा वाढवायचे. लहानपणी बंबात लाकडं सारायची सवय, दुसरं काय सुचणार! पण डब्यात लाल निखारे पडायचे आणि सकाळी राखेत काळे दाणे सापडायचे.

यंदा नजर जाळीच्या टोकावर ठेवली. थर्मोस्टॅट वर करून स्टोकर तासभर सलग चालवायचा. टोकाशी इंचभर राखाडी पट्टी उरली, की प्रमाण बरोबर. निखारा काठापर्यंत आला, की पुरवठ्याचा स्क्रू पाव फेरा मागे घ्यायचा आणि पुन्हा तासभर थांबायचं. इथे घाई केली की सगळं बिघडतं. मला तीन संध्याकाळ लागल्या.

डिसेंबरात मात्र एका पहाटे घर गार. हॉपर भरलेला आणि जाळी रिकामी! त्या खेपेच्या कोळशात चूर फार होती, तीही ओली. हॉपरच्या तोंडाशी तिची घट्ट कमान धरली होती. आता बादल्या दोन दिवस आत वाळवते आणि चाळूनच ओतते.

पुन्हा पेटवणं म्हणजे खरी परीक्षा, कारण हा कोळसा काडीला दाद देत नाही. आधी लाकडी कोळसा फुलवायचा, वर राईसचा पातळ थर द्यायचा आणि अजिबात ढवळायचं नाही. याच भागातल्या विल्क्स-बॅरीत १८०८ साली जेसी फेल यांनी पंख्याशिवाय, नुसत्या लोखंडी जाळीवर अँथ्रासाइट पेटवून दाखवला होता. पहिल्या निळ्या ज्वाळा नाचू लागल्या की दर वेळी त्यांची आठवण येते.

बाहेर ५० अंश फॅरनहाइट असलं की चिमणीची ओढ मंदावते, म्हणून अशा दिवसांत, विस्तव विझू नये यासाठी स्टोकर अधूनमधून चालवणारा टायमर दर अर्ध्या तासाला दोनऐवजी तीन मिनिटं ठेवते. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन आहेत, एक तळघरात, एक झोपायच्या खोलीबाहेर. यात तडजोड नाही.

आजच्या डब्यातली राख चिमटीत घेऊन पाहिली. मऊ, फिकट, एकही काळा दाणा नाही.